खनोम क्रोक उलटत नाहीत

बँकॉकच्या नैऋत्येला समुत सोंगख्राम प्रांतात आम्फवाचा बाजार भरतो, कालव्याच्या दोन्ही काठांनी. शनिवारच्या संध्याकाळी तिथल्या खनोम क्रोक या थाई पदार्थाच्या एका गाडीपुढे एक मराठी कुटुंब उभं होतं. काळ्या पात्रातले गोल खळगे दिसताच काकू आनंदून म्हणाल्या, "अगं, हे तर आपले आप्पेच की!" पण जरा वेळानं त्या अस्वस्थ झाल्या. गाडीवरच्या बाईनं झाकण काढलं, चमच्यानं एकेक अर्धा सोडवला, दोन-दोन अर्धे एकमेकांवर पालथे घातले आणि केळीच्या पानाच्या द्रोणात ठेवले. "उलटले कुठे हिनं? वरची बाजू भाजलीच नाही." पहिला घास घेतला तसा आतला पांढरा रस ओघळला. काकूंनी द्रोण खाली ठेवला. "कच्चे आहेत गं आतून." चांगले सहा-सात तसेच राहिले, बाजूच्या कट्ट्यावर, गार होत.

तो टाकून दिलेला द्रोण माझ्या डोक्यातून जाईना. पदार्थ उत्तम जमला होता. तळ तांबूस, कड जाळीदार, मधला भाग जेमतेम धरलेला. त्या बाईनं जे साधण्यासाठी दिवसभर विस्तवापुढे बसायचं, नेमकं तेच नापसंत झालं, आणि तेही चवीमुळे नाही. आप्पे मनात धरून खाल्ल्यामुळे.

खनोम क्रोक आप्पे नव्हेत. पात्र सारखं आहे, एवढंच.

आप्प्याचं सगळं आंबवण्यात असतं. तांदूळ आणि उडीद भिजवून, वाटून, रात्रभर ठेवून पीठ फुगलं की खळग्यात घालायचं, खालून भाजलं की सुईनं किंवा काडीनं उलटायचं, म्हणजे गोळा दोन्हीकडून बंद होतो आणि आत मऊ, सच्छिद्र राहतो. खनोम क्रोकमध्ये आंबवणं नाही, उडीद नाही, सोडा नाही, फुगणं नाही. त्यात दोन वेगवेगळे द्रव आहेत. खालचा पातळ तांदळाचा, खारट, ज्याचं कवच होतं. वरचा नारळाच्या जाड रसाचा, गोड आणि खारट, जो घट्ट होता होता थांबवायचा असतो. पहिला धरू लागला की दुसरा ओतायचा, आणि दुसरा पुरता धरायच्या आत उचलायचं. उलटलं तर वरचा रस थेट गरम लोखंडाला लागेल, फुटेल, तेल सुटेल आणि ज्यासाठी हा खटाटोप केला तो मधला थरथरता भागच नाहीसा होईल.

कोकणातल्या स्वयंपाकघराला खरं तर हे समजायला जड जाऊ नये. पातळ तांदळाच्या पिठाला बिडावर पडणारी जाळी आपण घावनात रोज बघतो, आणि घावनही उलटायची घाई कोणी करत नाही. नारळाचा गोड रस आपण शिरवाळ्यांवर आणि खापरोळीवर ओततो. खनोम क्रोक म्हणजे हे दोन्ही एकाच खळग्यात, एकावर एक, तीन-चार मिनिटांत. नातं शोधायचंच असेल तर ते घावन आणि रसाशी आहे, असं माझं ठाम मत आहे.

आता खालचं पीठ. तांदूळ जुना हवा. थायलंडमध्ये अनुभवी विक्रेते सुवासिक जास्मिन तांदूळ यासाठी घेत नाहीत, कारण त्यात अमायलोज (भात मोकळा ठेवणारा स्टार्चचा प्रकार) कमी, शिजला की मऊ आणि चिकट होतो, कवच कडक राहत नाही. साराबुरीकडचा साओ हाय हा मोकळा शिजणारा तांदूळ या कामाला नावाजलेला आहे. आपल्याकडे करायचं तर इंद्रायणी टाळावा, जुना कोलम घ्यावा. २०० ग्रॅम तांदूळ रात्रभर भिजवायचा. सकाळी निथळून त्यात ५० ग्रॅम शिळा भात आणि ५० ग्रॅम खवलेला ओला नारळ घालून एकदम गुळगुळीत वाटायचं. नारळ फार जून नको. थायलंडमध्ये शहाळं आणि जून नारळ यांच्या मधल्या अवस्थेतलं खोबरं यासाठी निवडतात, कारण ते वाटलं जातं आणि तरी दाताखाली थोडं लागतं. वाटताना आणि नंतर मिळून सुमारे ५०० मिलिलिटर द्रव जातो: ३०० नारळाचा पातळ रस, २०० चुन्याची निवळी. मीठ एक सपाट चमचा. पीठ घावनाच्या पिठाइतकं पातळ झालं पाहिजे. आप्प्याच्या पिठाची सवय असलेल्या हाताला ते फार पातळ वाटतं आणि तो आणखी पिठी घालतो. तिथेच बिघडतं. जाड पिठाचं कवच होत नाही, गोळा होतो, आणि वर रसाला जागाच उरत नाही.

शिळ्या भाताला काटकसर समजून वगळू नये. कच्च्या तांदळाचं पीठ पाण्यात विरघळत नाही, तरंगत असतं, आणि दोन मिनिटं हात थांबला की साका तळाशी बसतो. शिजलेल्या भाताचा स्टार्च आधीच फुललेला असल्यामुळे पाण्याला किंचित दाटपणा येतो आणि कण लवकर खाली बसत नाहीत. शिवाय कवचाच्या आतल्या बाजूला थोडा लवचीकपणा येतो, नाहीतर गार झाल्यावर ते पापुद्र्यागत तुटतं. तरीही दर घाण्याआधी पीठ ढवळायचंच. गाड्यांवर पीठ साध्या चहाच्या किटलीत भरलेलं असतं. किटलीच्या चोचीनं धार बारीक पडते, खळग्याबाहेर सांडत नाही, आणि उचलताना मनगटाला झोका दिला की आतलं पीठ आपोआप ढवळलं जातं. न ढवळता ओतलं तर पहिला घाणा नुसती जाळी आणि शेवटचा घाणा दगड, हे ठरलेलं.

निवळीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण घरी करताना लोक ती बेधडक सोडून देतात. थायलंडमध्ये विड्याचा चुना गुलाबी-लाल असतो. त्यात हळद मिसळलेली असते, आणि हळदीला चुना लागला की रंग लाल होतो. कुंकवामागचं रसायन तेच. हा चुना, साधारण दोन मोठे चमचे, लिटरभर पाण्यात कालवायचा आणि दोन-तीन तास हात न लावता ठेवायचा. गाळ तळाशी बसला की वरचं नितळ पाणी अलगद काढून घ्यायचं. चुना पाण्यात फार थोडा विरघळतो, लिटरला जेमतेम पावणेदोन ग्रॅम. त्यामुळे जास्त चुना घातल्यानं निवळी जास्त तेज होत नाही, फक्त गाळ वाढतो, आणि गाळ पिठात गेला तर जीभ चरचरते. निवळीनं कड कडक होते, जास्त वेळ कडक राहते, आणि अल्कली असल्यामुळे तांबूसपणाही लवकर येतो. आपल्याकडचा पानाचा पांढरा चुना चालतो. भिंतीला लावायचा चुना मात्र कधीही वापरू नये.

वरचा रस याहून सोपा, पण त्याला वेळेचं बंधन आहे. ताज्या नारळाचा पहिला, जाड रस ३०० मिलिलिटर, साखर ६० ग्रॅम, मीठ पाऊण चमचा, तांदळाची पिठी एक मोठा चमचा. साखर हातानं ढवळून विरघळवायची, रस आधी उकळायचा नाही, नाहीतर पात्रात जाण्यापूर्वीच तेल वेगळं होतं. मीठ जास्त वाटलं तरी घालावं. नारळाच्या रसातला स्निग्धपणा मिठाशिवाय तोंडात नुसता जड बसतो, आणि या पदार्थाचा स्वभावच खारट-गोडाचा आहे. उन्हाळ्यात ताजा रस काही तासांत आंबायला लागतो. जाणते विक्रेते म्हणूनच तो एकदम दिवसभराचा काढून ठेवत नाहीत, थोडा थोडा काढतात. डब्यातला रस फुटत नाही, टिकतोही, पण त्यातल्या दाटी आणणाऱ्या घटकांमुळे वरचा थर जरा खिरीसारखा होतो, ताज्या रसाचा हलका गंध येत नाही.

साखर पूर्वी आत इतकी नसावी असं म्हणायला एक जागा आहे, आणि ती आम्फवाच्या शेजारीच आहे. बांग खोन्थी भागातल्या वात केन चान चरोन या विहारात दहाव्या चांद्र महिन्यात भिक्षूंना खनोम क्रोक आणि साखर अशी भिक्षा वाढायची प्रथा आहे. गावकरी विहारातच चुली मांडतात, बायका-पुरुष एकत्र बसून पीठ ओततात, आणि साखर वेगळी वाढली जाते. खारट, नारळी खनोम क्रोक साखरेत बुडवून खायचे. रसातच गोडी घालणाऱ्या आजच्या गाड्यांपेक्षा ही चव वेगळी लागते: साखरेचे दाणे दाताखाली कचकचतात, आणि नारळाची मूळची गोडी आधी कळते.

हा सगळा प्रदेश या पदार्थाला जन्मजात अनुकूल आहे. समुत सोंगख्राम म्हणजे माडांचा मुलूख, माडाच्या नीरेपासून साखर करणारा. आम्फवाच्याच हद्दीत यी सान या खाडीकाठच्या गावात कांदळवनाच्या लाकडाचा कोळसा पाडतात. घट्ट, जड, मंद आणि सारखा जळणारा. खाली असा निखारा असला की पात्र तापलेलं राहतं आणि ज्वाळा वर येत नाहीत.

आणि पात्र. ते आधी मातीचं होतं. थायलंडची जुनी राजधानी अयुथया १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्यानं उद्ध्वस्त केली, पण त्या शहराची वर्णनं शिल्लक आहेत, कोणत्या वस्तीत काय बनतं आणि काय विकतं याच्या याद्यांसकट. त्यांत कुंभारांच्या वस्तीत भाताची-कालवणाची लहानमोठी मडकी आणि त्यांच्याच जोडीला खनोम क्रोक नि खनोम बुआंग (पातळ, कुरकुरीत घडीचा पदार्थ) यांची पात्रं घडवून विकत असल्याची नोंद आहे. मला ही नोंद फार मोलाची वाटते. पाककृती कुठेही लिहिलेली नसली तरी कुंभारानं खास त्या पदार्थासाठी भांडं घडवून बाजारात ठेवलं, म्हणजे ते घेणारी घरं तेवढी होती, पदार्थ चांगला रुळलेला होता. याच अयुथयात नाराय राजाच्या काळात, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, राजदरबारी पोहोचलेल्या जपानी-पोर्तुगीज वंशाच्या मारिया गुयोमार द पिन्या हिच्या नावावर थाई लोक फोई थोंग, थोंग यिप अशी अंड्याच्या बलकाची, पाकातली मिठाई सांगतात. दोन्ही गोष्टी एकाच शहरातल्या, पण एकीला अंडी आणि साफ केलेली साखर लागते, दुसरीला तांदूळ, नारळ, मीठ, चुना आणि भाजलेली माती. खनोम क्रोकसाठी कुठल्याही जहाजाची वाट बघावी लागली नाही.

मातीच्या पात्राला मातीचीच छोटी झाकणं असत, काही जुन्या वळणाच्या गाड्यांवर अजून दिसतात. प्रत्येक खळग्याला स्वतंत्र झाकण, त्यामुळे कडेचा अर्धा झाला तर मधल्याची वाफ न घालवता तो काढता येतो. आता बिडाची आणि पितळेची पात्रं जास्त. खळगा साधारण चार सेंटिमीटर रुंद आणि आप्पेपात्रापेक्षा उथळ असतो. हा उथळपणा महत्त्वाचा. खोल खळग्यात तळ करपतो तोवर वर रस वाहतच असतो.

नवं बिडाचं पात्र मुरवल्याशिवाय पीठ सोडत नाही. त्यासाठी खवलेला नारळ त्यात घालून मंद विस्तवावर काळा होईपर्यंत परतायचा, फेकायचा, पुन्हा नवा घालायचा, असं दोन-तीनदा. नारळाचं तेल सूक्ष्म छिद्रांत बसून थर धरतो. पुढे रोज तेल लावायला रस काढून उरलेला चोथा कापडात बांधून पुरचुंडी करतात, ती तेलात बुडवून प्रत्येक खळग्यातून फिरवतात. ब्रशपेक्षा ती कितीतरी चांगली. तेल पुसल्यासारखं लागतं, तळाशी साचत नाही, आणि आधीच्या घाण्याचे चिकटलेले कणही निघतात. तेल साचलं तर पीठ तळलं जातं, कडेला फुगे येतात आणि कवच खळग्याला न धरता आतल्या आत आक्रसतं.

पात्र तापलं की नाही हे पिठाचा थेंब टाकून आवाजावरून ओळखायचं. लगेच चर्र झालं पाहिजे, पण थेंब उडता कामा नये. मग किटलीनं प्रत्येक खळगा दोन-तृतीयांश भरायचा. ओतण्याचा क्रम ठरलेला ठेवायचा, कारण उचलायचंही त्याच क्रमानं. भरून झालं की काही जण दोन्ही कान धरून पात्र हलकेच कलंडवतात, गोल फिरवतात, म्हणजे पीठ कडांवर चढतं आणि पातळ, कुरकुरीत काठ तयार होतो. आवाज थोडा बसला, कड पांढरी होऊन धरली, मध्यावर अजून ओलं आहे, साधारण एक मिनिट झालं, अशा वेळी वरचा रस काठोकाठ ओतायचा. लवकर ओतला तर तो पिठात मिसळतो आणि सगळं एकसारखं, मऊ, निर्जीव होतं. उशिरा ओतला तर पिठाची साय पक्की झालेली असते, रस तिच्यावर वेगळा राहतो आणि उचलताना घसरून पडतो. मधली वेळ पंधरा-वीस सेकंदांची आहे. ती घड्याळानं सापडत नाही, पृष्ठभागावर बारीक छिद्रं पडायला लागली की सापडते.

वर कातरलेली कांद्याची पात, मक्याचे दाणे, अळकुडीचे किंवा भोपळ्याचे बारीक तुकडे. पात कच्ची घालायची. बाकीचं आधी उकडून, कारण झाकणाखाली दोन-तीन मिनिटंच मिळतात. गोडात कांद्याची पात ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी आधी तीच खावी. रसातलं मीठ तिच्यामुळेच जागं होतं. झाकण काढल्यावर कड तांबूस होऊन खळग्यापासून सुटलेली आणि मध्य हलवल्यावर थरथरणारा दिसला की कडेनं पातळ चमचा फिरवून उचलायचं. चिकटत असेल तर ओढू नये, आणखी अर्धा मिनिट द्यावं; भाजलं की ते आपण होऊन सुटतं. भाजल्यावरही सुटत नसेल तर पात्र कमी तापलेलं होतं किंवा कोणी तरी खालच्या पिठातही साखर घातली आहे. खालच्या पिठात साखर घालूच नये, ती आधी करपते आणि मग खळग्याला धरते.

दोन अर्धे एकत्र का ठेवतात, यावर थाई लोक एका तरुण-तरुणीची दुःखद प्रेमकथा सांगतात, खड्ड्यात एकमेकांच्या मिठीत गेलेल्यांची. ब्रह्मदेशातही याच कुळातल्या तांदळाच्या पदार्थाला नवरा-बायकोचं नाव आहे, तिथेही दोन अर्धे जोडतात. कामाच्या दृष्टीनं पाहिलं तर जोडण्यानं ओली बाजू आत सुरक्षित राहते, हातात धरता येतं, आणि कुरकुरीत बाजू दोन्हीकडून बाहेर येते. केळीच्या पानावर वाफ थोडी निसटते. बंद प्लास्टिकच्या डब्यात तीच वाफ कवचात परत शिरते आणि दहा मिनिटांत सगळं लिबलिबीत होतं. म्हणून बांधून नेण्यात अर्थ नाही, उभ्याउभ्या खावं. फक्त पहिल्या घासाला जपावं. आतला रस बाहेरून वाटतो त्याहून बराच जास्त गरम असतो.

त्याच पात्रात बँकॉकमध्ये लावेची अंडी फोडून घालतात, वर सोया सॉस आणि मिरपूड, तेही छान लागतात. 'सिंगापूर' नावानं मिळणारा हिरवा प्रकार मात्र गव्हाच्या पिठाचा, अंड्याचा आणि पंदान नावाच्या सुवासिक पानांच्या रसाचा; तो वेगळाच गोड केक आहे, त्यावरून खऱ्या खनोम क्रोकचा अंदाज करू नये.

घरच्या आप्पेपात्रात करता येतं, काही पथ्यं पाळून. बिडाचं असेल तर उत्तम. नॉनस्टिक पात्र तेवढं तापवता येत नाही, त्यामुळे तळ फिका राहतो. निदान पीठ कमी घालावं, खळग्याच्या एक-तृतीयांश, म्हणजे खोल खळगा पुरता भरत नाही आणि रस वेळेत धरतो. गॅसवर मधले खळगे आधी करपतात, म्हणून खाली जुना तवा ठेवावा आणि पात्र अधूनमधून फिरवावं. वर दिलेल्या मापात साधारण ४० अर्धे, म्हणजे २० जोड्या होतात. पहिला घाणा पात्राला द्यायचा असतो, तो मोजू नये. खालचं पीठ उरलं तर फ्रिजमध्ये एक दिवस राहतं, दुसऱ्या दिवशी त्याची घावनं चांगली होतात. वरचा रस उरला तर ठेवू नये. त्यात पिठी आहे, तेव्हा थोडा गूळ घालून मंद आचेवर सतत ढवळत दाट करावा आणि त्याच दिवशी शिरवाळ्यांबरोबर संपवावा.